एकतीस नंबरची टॅली

माझी बदली एका विनाशिकेवर, म्हणजे डिस्ट्रॉयर जातीच्या युद्धनौकेवर झाली तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. हुद्दा लीडिंग, म्हणजे साध्या नौसैनिकाच्या एक पायरी वर; शाखा इंजिनिअरिंग. जहाजाचं नाव लिहीत नाही. ते आता सेवेत नाही, पण त्यावर काम केलेली माणसं आहेत आणि त्यांना घरं आहेत. माझं नावही महत्त्वाचं नाही. जहाजावर मला एक नंबर होता, एकतीस. जे लिहायचं आहे ते त्या नंबराबद्दल आहे.

ज्यांनी युद्धनौका आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बाहेरून दिसतात त्या तोफा, क्षेपणास्त्रं, डोलकाठीवरची रडार. आम्ही इंजिनिअरिंगची माणसं या सगळ्याच्या खाली, पाण्याच्या रेषेखाली राबत असू. आमच्याकडे मागची जनरेटर रूम होती. दोन डिझेल जनरेटर, त्यांच्यामध्ये एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट, आणि वर जायला एक लोखंडी शिडी. शिडीला नऊ पायऱ्या. वर एक हॅच, म्हणजे जाड लोखंडी झाकण. आतलं तापमान पंचेचाळीसच्या वर असे. बोलणं ऐकू येत नसे, म्हणून आम्ही हातांनी बोलत असू.

हॅचच्या बाजूला भिंतीवर एक बोर्ड होता. त्यावर आकडे आणि आकड्यांखाली हुक. प्रत्येकाकडे आपल्या नंबरची पितळी चकती असे, रुपयापेक्षा थोडी मोठी. तिला टॅली म्हणत. खाली उतरताना टॅली हुकाला लावायची, वर आल्यावर काढून घ्यायची. आग लागली की कोण आत आहे हे बोर्ड सांगतो. आग हाताबाहेर गेली तर हॅच बंद करून आत गॅस सोडतात. तो गॅस आग मारतो आणि माणूसही मारतो. म्हणून सोडण्याआधी बोर्डावरचे नंबर पुकारायचे. ज्याचा नंबर आला त्याने ‘हजर’ म्हणायचं. सगळे हजर झाले, की आतलं दालन रिकामं.

नियम एका ओळीचा होता. आपलीच टॅली लावायची.

आम्ही तो मोडत असू. वॉच म्हणजे चार तासांची पाळी; एकाने दुसऱ्याची वॉच करण्याला ‘सब देणे’ म्हणतात. रीतसर सब घ्यायचा तर अर्ज, सही, कारण. त्याऐवजी माणूस आपली टॅली मित्राच्या हातात ठेवायचा. पाळीवर देखरेख करणारा पेटी ऑफिसर तासाला एकदा येऊन बोर्डावरचे नंबर ड्यूटी शीटशी ताडून पाही. नंबर जुळले की तो पुढे जाई. खाली इंजिनाशी कोण उभं आहे हे पाहायला त्या उकाड्यात कोणी उतरत नसे. हे सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या चीफ नायरांनाही.

तुळशीराम भोये माझ्यानंतर चार महिन्यांनी जहाजावर आला. पेठ तालुक्यातल्या डोंगरातला. मी नाशिक रोडचा. मुंबईत असताना जिल्हा एक निघाला एवढ्यावरच माणसं एका ताटात जेवतात, तसं आमचं झालं. तो उंचीने कमी, पोटऱ्या दगडासारख्या. शिडी उतरताना तो पाठ करून उतरत नसे, डोंगर उतरल्यासारखा समोर तोंड करून उतरे. त्यावरून त्याला दोनदा शिक्षा झाली.

मी वाचत असे. मेसडेकवर, म्हणजे आमच्या राहण्याच्या जागी, माझ्या बंकच्या उशाला तीन-चार पुस्तकं कायम असत. म्हणून तुळशीराम मला मास्तर म्हणू लागला आणि मग सगळेच म्हणू लागले. त्याची पत्रं मी लिहीत असे. तो दहावी पास होता, लिहिता येत होतं, पण म्हणे, “मी लिवलं का बा म्हणतो, पोऱ्या हट्ट करतोय. तुझ्या अक्षरात गेलं का त्याला वाटतं साहेबानं लिवलं.” वडिलांना वाचता येत नव्हतं. घरी पत्र वाचून दाखवायचं काम धाकटी बहीण करी. तिचं नाव हिरा. ती बारा वर्षांची होती.

त्या वर्षी उत्तरेत, बर्फाच्या शिखरांवर लढाई सुरू झाली. तिची चित्रं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. समुद्राची पाहिली नाहीत, कारण पाहण्यासारखं काही घडलं नाही. आमच्या सुट्ट्या रद्द झाल्या. दारूगोळा चढला. जहाज मुंबईहून निघालं आणि वायव्येला जाऊन गस्त घालू लागलं. पावसाळी समुद्र, बारा-बारा फुटी लाटा. रात्री एकही दिवा बाहेर दिसू द्यायचा नाही. रेडिओवर बोलायचं नाही. दिवसाला दोनदा ‘ॲक्शन स्टेशन्स’ची, म्हणजे लढाईच्या जागा घेण्याची घंटा, दोनदा धावपळ, दोनदा खोटी. आम्ही खालची माणसं, आम्हाला तर आकाशही दिसत नव्हतं. शत्रूचं जहाज कुठे आहे, आहे की नाही, हे आम्ही स्वयंपाकघरातल्या चर्चेवरून ठरवत असू.

सतरा दिवस असे गेले. जहाजाने एकही गोळी झाडली नाही. मी हे कमीपणा म्हणून सांगत नाही. उभं राहणं हेच काम होतं आणि ते केलं गेलं.

अठराव्या दिवशी माझी दुपारची वॉच होती, बारा ते चार. पावणेबाराला तुळशीराम माझ्या बंकपाशी आला.

“मास्तर, पत्र लिव.”

“संध्याकाळी लिहू.”

“संध्याकाळी टपालाची थैली जायची हाय. दुसरं जहाज जवळ येतंय, त्याच्यावर देणार. पुना कवा जाईल कोण जाणं.”

“मग आत्ता तूच लिही. बाराला मला खाली जायचंय.”

“तुझी वॉच मी करतो. टॅली दे.” त्याने हात पुढे केला. “तू पंख्याखाली बस. पन नीट लिव. मागल्या खेपेला तू समुद्राचा रंग-बिंग लिवला. बा हिराला म्हणला, पुना वाच, पोऱ्याला ताप तर नाय ना?”

मी हसलो. पत्र कशासाठी हे त्याने उभ्या उभ्या सांगितलं. शाळा उघडली होती आणि वडील हिराला पाठवायला तयार नव्हते. दिवाळीनंतर सगळं घर दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला जाई. या वर्षी तिलाही न्यायचं ठरत होतं. एकदा ती बागेत गेली की शाळा संपली, हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या दोन मोठ्या बहिणींचं तसंच झालं होतं.

“बा माझं ऐकतो,” तो म्हणाला. “फकस्त वेळेवर कळाय पायजे.”

मी टॅली त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती खिशात टाकली, तर मी म्हणालो, “खिशात नको, हुकाला लाव. नाहीतर माझी गैरहजेरी लागेल.”

“लावतो रं. मोठा शिस्तीचा.”

तेच आमचं शेवटचं बोलणं, जाता जाता त्याने दारातून टाकलेली एक ओळ सोडली तर.

पत्र मी सव्वादोनच्या आत पूर्ण केलं. कच्चं होतं, पक्कं करायचं होतं. वॉचवर जाता जाता तो दारातून ओरडला होता, “लिव का मी खाली घाम गाळतोय अन् मास्तर माझ्या जागी हवा खातोय.” पत्रं अधिकारी तपासत. ती ओळ गेली असती तर दोघेही पकडले गेलो असतो. पण मला ती आवडली होती. कच्च्यात लिहिली, पक्कं करताना गाळू असं ठरवून.

१४१८ वाजता, म्हणजे दुपारी दोन अठराला, आगीची घंटा झाली. मागोमाग स्पीकरवर आवाज: “फायर, फायर, फायर. आफ्टर जनरेटर रूम.”

मागच्या भागात आग लागली तर माझी जागा हॅचपाशी, पाण्याचा होज धरायला. मी पत्र घडी करून खिशात घातलं आणि धावलो. पोचायला दीड मिनिट लागलं असेल. हॅचमधून काळा धूर सरळ छतापर्यंत येत होता. इंधनाची एक नळी फुटून डिझेल तापलेल्या एग्झॉस्टवर उडालं होतं, हे नंतर कळलं. वॉचवर तीन माणसं होती. दोघं वर आलेली होती, तोंडं काळी, एक जण गुडघ्यांवर बसून खोकत होता. धुरात कोण कोण आहे ते कळत नव्हतं. पंधरा-वीस माणसं त्या अरुंद वाटेत आली होती.

चीफ नायर बोर्डापाशी उभे होते. चीफ म्हणजे चीफ पेटी ऑफिसर, आमच्या विभागाचे सर्वांत अनुभवी. केरळचे. जहाजावरच्या सर्वांसारखे हिंदी बोलत. एका हातात फोन, दुसरा हात बोर्डावर.

“चौदा!”

“हजर, चीफ!”

“बाईस!”

खोकणाऱ्याने हात वर केला. शेजारच्याने सांगितलं, “बाईस हजर.”

“इकतीस!”

“हजर, चीफ,” मी म्हणालो.

चार वर्षं रोज सकाळच्या हजेरीत मी त्या आकड्याला तेच उत्तर देत आलो होतो. झोपेतून उठवून कोणी एकतीस म्हटलं असतं तरी मी तेच म्हणालो असतो. हे स्पष्टीकरण आहे. सबब नाही.

चीफ फोनमध्ये म्हणाले, “ऑल आउट. कंपार्टमेंट क्लिअर.” पलीकडून काही सांगितलं गेलं. त्यांनी हात खाली केला. दोघांनी हॅच लावून घेतलं, चाक फिरवून आवळलं. गॅसची घंटा वाजली. लिव्हर ओढला गेला. भिंतीतल्या नळ्यांतून मोठा सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला. १४२२.

मी होज घेऊन हॅचभोवतीची जमीन थंड करत होतो. आमचं काम तेच होतं, लोखंड तापून वर आग पसरू नये म्हणून. पाणी मारताना माझी नजर बोर्डावर गेली. हजेरीनंतर टॅली काढून घेतल्याने चौदाचा हुक रिकामा होता. बावीसचा हुक रिकामा होता. एकतीसची टॅली तिथेच लटकत होती आणि जहाजाच्या हेलकाव्याबरोबर हलत होती.

मला किती वेळ लागला? मी तो मनात अनेकदा मोजला आहे. बुटाची एक नाडी बांधायला लागतो तेवढा.

“चीफ,” मी म्हणालो, “भोये अंदर है.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “भोये की वॉच नहीं है.”

“मेरी है. उसने सब दिया है.”

त्यांनी बोर्डाकडे पाहिलं. मग एकतीसची टॅली हुकावरून काढली आणि स्वतःच्या खिशात घातली. ते त्यांनी इतक्या सावकाश केलं की मला वाटलं ते विचार करत आहेत. मग फोन उचलला. “वन मॅन अनअकाउंटेड. भोये. पॉसिबली इनसाइड.” पलीकडून कॅप्टनने काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. चीफ म्हणाले, “नो सर. नॉट ऑन वॉच, सर.”

हॅच लगेच उघडता येत नव्हतं. उघडलं असतं तर हवा आत जाऊन आग पुन्हा पेटली असती, आणि त्या पाण्यात जळणारं जहाज म्हणजे तीनशे माणसं. कॅप्टनने परवानगी दिली तेव्हा श्वसनयंत्र लावलेले दोघे आत उतरले. १४३१. त्यांना आत शोधावं लागलं नाही. तुळशीराम शिडीवरच होता. खालून तिसऱ्या पायरीवर पाय, वरच्या पायरीला दोन्ही हातांचा विळखा. तो बाहेर येत होता.

१४३६ ला त्याला वर आणलं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की धुराने तो आधीच गेला असण्याची शक्यता आहे. गॅसने गेला असण्याचीही आहे. नक्की सांगता येत नाही. या वाक्याला मी पंचवीस वर्षं दोन्ही टोकांनी धरून आहे.

आग विझली. सोळाशेला दुसरा जनरेटर सुरू झाला. गस्त चालू राहिली. त्या संध्याकाळी दुसरं जहाज आलं आणि टपालाची थैली गेली. माझ्या खिशातलं पत्र गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चीफने मला स्टोअरमध्ये बोलावलं. दार लावलं.

“इन्क्वायरी बोर्ड बैठेगा. पूछेंगे. तू वॉच पे था, धुआँ हुआ, तू ऊपर आया. बस.”

“चीफ, वो मेरी जगह—”

“मैंने टॅली गिनी, आदमी नहीं गिना. तूने हजर बोला.” त्यांनी दाराची कडी पाहिली. “एक गया है. दो और क्यों भेजूँ?”

त्या दोघांत एक मी होतो आणि एक ते. त्यांना तीन मुली होत्या. मी त्यांच्याबद्दल वाईट लिहू शकत नाही. त्यांनी मला वाचवलं, आणि मी वाचवून घेतलं. जाताना त्यांनी टॅली माझ्या हातात दिली. “ये रख. बोर्ड पे वापस मत लगाना.” मला नवीन नंबर मिळाला. चीफ नायर गेले त्याला आता सहा वर्षं झाली.

चौकशीत मी तसंच सांगितलं. चौदा आणि बावीस नंबरचे म्हणाले, धुरात काही दिसलं नाही. तेही सब देत-घेत असत. अहवालात एक वाक्य आलं: ‘मृत कर्मचारी त्या वेळी कामावर नेमलेला नव्हता; आदेशाशिवाय त्या दालनात का गेला हे स्पष्ट होत नाही.’ शवपेटीबरोबर गावी दोन माणसं गेली. मी जाऊ का, असं विचारलं होतं. चीफ म्हणाले, “तू नहीं.”

लढाई संपली. जहाज बंदराला लागलं तेव्हा धक्क्यावर बँड होता.

पंधरा वर्षं पुरी करून मी निवृत्त झालो आणि नाशिक रोडला परत आलो. एका शाळेत ग्रंथपालाची नोकरी मिळाली. ती मला मानवली. पुस्तकांना नंबर असतात, पण ती हाक मारल्यावर उत्तर देत नाहीत. माजी सैनिकांच्या बैठकीत हजेरी घेतात तेव्हा मी फक्त हात वर करतो. लोकांना वाटतं, घशाचा काही त्रास असेल.

नाशिक रोडहून तुळशीरामच्या गावाला जायला दोन तास पुरतात. एसटी पेठपर्यंत, पुढे जीप. मी पेठपर्यंत तीनदा गेलो. स्टँडवर चहा घेतला आणि त्याच गाडीने परत आलो. कशाची भीती होती, असं कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. शिक्षेची नव्हती. मला वाटतं, त्याचे वडील मला माफ करतील याची होती.

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या शाळेत ध्वजवंदनानंतर मला चार शब्द बोलायला लावलं. मी जहाजाची लांबी, वेग, लाटा असं सांगितलं. शेवटी मुलांनी प्रश्न विचारले. सातवीतली एक मुलगी उभी राहिली.

“सर, लढाईत तुमच्या जहाजावरचं कोणी गेलं का?”

“नाही,” मी म्हणालो.

तितक्याच चटकन. तसंच, विचार न करता. ती ‘थँक्यू सर’ म्हणून खाली बसली. मी ग्रंथालयात आलो आणि खुर्चीवर बसून राहिलो. मी दुसऱ्यांदा असं चटकन चुकीचं उत्तर दिलं होतं, आणि या वेळी मी झोपेतून उठलेला नव्हतो, धूर नव्हता, घंटा नव्हती.

पुढच्या रविवारी मी पेठच्या पुढे गेलो.

भाताची लावणी होऊन गेली होती. पाड्यावर पोचलो तेव्हा सकाळचे अकरा झाले होते. भोयांचं घर विचारलं. एका बाईने हातातलं गवत खाली ठेवलं आणि विचारलं, “कोन पायजे?”

“तुळशीराम भोयेचं घर.”

तिने पदराला हात पुसले. “तुळशीदादाचं नाव घेऊन कोन आला नाय लय वर्सात. मी हिरा.”

वडील चार वर्षांपूर्वी गेले होते. हिराला तिथेच, शेजारच्या पाड्यावर दिलेलं. वडिलांमागे घर आणि जमीन तीच बघत होती. तिने ओसरीवर घोंगडी टाकली, पाणी दिलं. मी नाव सांगितलं. तिला ते ओळखीचं वाटलं नाही. मग मी म्हणालो, “तो मला मास्तर म्हणायचा.”

“अरे! अक्षरवाले मास्तर?” ती हसली. “बा म्हणायचा, या मास्तराला एकदा बोलवा, नागलीची भाकर खाऊ घालू, मंग तरी सरळ लिवंल.”

मी तिला सगळं सांगितलं. वेळांसकट. मला दुसऱ्या कोणत्या पद्धतीने सांगता येत नाही. टॅली, सब, चौदा, बावीस, एकतीस. मी ‘हजर’ म्हणालो ते. चौकशीत काय सांगितलं ते. मी संपवलं तेव्हा ती अंगणाकडे पाहत होती.

“म्हंजी तो कामावर होता,” ती म्हणाली.

“हो. काम माझं होतं. करत तो होता.”

“कागदात लिवलं व्हतं, नव्हता. आमच्यात मानूस गेला का चिरा मांडतात. दगड. वर चंद्रसूर्य, खाली मानूस, कसा गेला ते. बानं दादाचा मांडला नाय. लोक म्हणायचे, मांड. बा म्हणायचा, काय काढू दगडावर? सरकार म्हणतं तो न सांगता शिरला. माझा पोऱ्या चोरासारखा कुठं शिरत नव्हता, पन मी काय सांगू?” तिने माझ्याकडे वळून पाहिलं. “तुमी लय उशिरा आला, मास्तर.”

“हो.”

मी पत्र काढलं. कागद घड्यांवर फाटला होता, मी मागून चिकटवला होता. तिच्या हातात दिलं. “हे त्या दिवशीचं. वडिलांनी तुझ्याकडूनच वाचून घ्यायचं होतं.”

तिने बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. मोठ्याने, जसं वडिलांना वाचून दाखवत असेल तसं, पण अडखळत. मी बरा आहे. काळजी करू नये. मी खाली घाम गाळतोय आणि मास्तर माझ्या जागी हवा खातोय. तिथे ती थोडी हसली. मग पुढची ओळ आली.

‘हिराला शाळेतून काढू नका. तिला द्राक्षाच्या कामाला नेऊ नका, मी आल्यावर तिचं पुढचं बघतो. हे वाक्य हिराने दोनदा वाचावं, बाला एका कानाने कमी ऐकू येतं.’

ती थांबली. बोट मागे नेलं आणि ते वाक्य परत पहिल्यापासून वाचलं. दुसऱ्यांदा आवाज मोठा होता.

त्या वर्षी दिवाळीनंतर ती बागेत गेली होती. सातवीत शाळा सुटली. तिने हे तक्रारीसारखं सांगितलं नाही. कागदाची घडी घालताना एवढंच म्हणाली, “बा ऐकला असता.”

मी जेवून निघालो. तिने वाढलं, मी खाल्लं. नागलीची भाकर होती.

घरी आल्यावर मी खरी हकिकत लिहून काढली आणि सेवेच्या कागदपत्रांच्या कचेरीला सही करून पाठवली. पोच आली आहे. अजून उत्तर नाही. येईल तेव्हा मी विचारतील ते सांगणार आहे.

चिरा माघात मांडला. हिराने निरोप धाडला होता. दगड घडवणारा म्हातारा पाथरवट मला बघून म्हणाला, “मला घोडा जमतो, वाघ जमतो. दर्याची बोट मी उभ्या जन्मात पाह्यली नाय. तुमीच सांगा कसली असती.”

“बोट नको,” हिरा म्हणाली. “शिडी काढ. मास्तर, किती पायऱ्या?”

“नऊ.”

“नऊ काढ. अन् तो वर येताना काढ.”

त्याने तसंच काढलं. वर चंद्रसूर्य, खाली नऊ पायऱ्या, तिसऱ्या पायरीवर माणूस, तोंड वर. मजकूर काय घालायचा विचारलं तेव्हा मी कागदावर नाव, हुद्दा, जहाज, वेळ असं सगळं लिहून दिलं. पाथरवटाने दगड हाताने मोजला आणि म्हणाला, एवढं मावायचं नाय, दोन शब्द सांगा. मी हिराकडे पाहिलं. तिने सांगितले.

दगड घरामागच्या उतारावर आहे, भाताच्या खाचराच्या वर. एकतीसची टॅली मी त्याच्या पायाशी, मातीखाली ठेवली. तुळशीरामचा स्वतःचा नंबर सत्तेचाळीस होता. तो त्या दिवशी कोणी पुकारला नाही.

दगडावर लिहिलं आहे: तुळशीराम भोये. कामावर होता.